220 वजा वय, आणि हिरव्या आकड्याची भानगड

काकाजींनी परवा नागपूरच्या आपल्या अंबाझरीच्या धावणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज एव्हाना माझ्या माहेरच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि नवऱ्याच्या ऑफिसच्या ग्रुपवरही फिरून आलाय, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ठोके दाखवणाऱ्या घड्याळाशिवाय धावणं म्हणजे जिवाशी खेळ. 220 मधून वय वजा करा, मिनिटाचे ठोके त्या आकड्याच्या वर गेले की हृदय बंद पडतं. घड्याळ ईसीजीइतकंच अचूक असतं. चरबी फक्त हिरव्या झोनमध्येच जळते (झोन म्हणजे घड्याळ ठोक्यांचे टप्पे पाडून रंग देतं ते, हिरवा म्हणजे आरामाचा, लाल म्हणजे जास्तीचा). आकडा हिरवा आहे तोवर हार्ट अटॅक येऊच शकत नाही. शेवटी हात जोडलेले आणि दहा जणांना पाठवा.

काकाजी, तुमच्यावर राग नाही बरं का, तुम्ही काळजीपोटीच टाकलं. आणि मी घड्याळाच्या विरोधातही नाही, चार वर्षं झाली, आंघोळीला काय तेवढं मनगटावरून उतरतं.

आधी ते 220. हा आकडा पसरला 1971 च्या आसपास, फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या एका लेखातून, आणि तोही काही मोठा प्रयोग करून काढलेला नव्हता, वेगवेगळ्या अभ्यासांमधले आकडे आलेखावर मांडले आणि नजरेच्या अंदाजाने त्यातून एक रेष ओढली, बस. सरासरी म्हणून ठीक आहे. पण एकाच वयाच्या माणसांमध्येच दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो, आणि साधारण तीनातला एक माणूस त्याहूनही लांब असतो. मी 46 ची, म्हणजे माझी मर्यादा 174. सेमिनरी हिल्सच्या चढावर छातीचा पट्टा लावून जोर काढला तेव्हा 187 दिसले आणि मी वर पोचून पाणी प्यायले, हृदय जागेवर होतं. नवरा माझ्याच वयाचा, तो जीव तोडून धावला तरी 166 च्या वर जात नाही. आता त्याने 174 प्रमाणे झोन लावले तर बिचारा रोज स्वतःला नालायक समजेल. 2001 मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी दुसरं सूत्र दिलं, 208 मधून वयाच्या 0.7 पट वजा करायचं. काकाजी, तुमच्या 66 ला जुन्या हिशोबाने 154 येतात आणि या हिशोबाने जवळपास 162, म्हणजे एका कागदावर तुम्ही लाल आणि दुसऱ्यावर तुम्ही खुशाल.

आणि ही काही फाशीची दोरी नाही हो. जास्तीत जास्त ठोके म्हणजे हृदय जेवढे मारू शकतं तेवढे, ते ओलांडायचं कसं? ओलांडले म्हणजे आकडाच चुकीचा होता. (चाळिशीनंतर पहिल्यांदा धावायला लागणाऱ्याने आधी डॉक्टरला दाखवावं हे मात्र शंभर टक्के खरं, त्या मेसेजमध्ये नेमकं तेच नव्हतं.)

ईसीजीइतकं अचूक म्हणता, तर डिसेंबरमधली एक सकाळ सांगते. फुटाळ्याला नुकतीच धावायला सुरुवात केली होती, तोंडातून वाफ निघून राहिली होती, स्वेटरच्या बाहीखाली घड्याळ सैल झालेलं. तिसऱ्याच मिनिटाला घड्याळ थरथरलं, बघते तर 172. जॉगिंग एवढं हळू की शेजारून चालणाऱ्या दोन बायका गप्पा मारत माझ्या बरोबरीने येत होत्या. घाबरले, थांबले, रेलिंगला टेकले, मानेवर दोन बोटं ठेवून 15 सेकंद मोजले, 31 भरले. एकतीस गुणिले चार, म्हणजे मिनिटाला 124. मग ते 172 आले कुठून? घरी येऊन ॲपमध्ये बघितलं तर त्या तीन मिनिटांत माझी पावलंच मिनिटाला 172 पडत होती. घड्याळ ठोके सोडून पाय मोजत बसलं होतं!

हे का होतं तर मनगटावरचं घड्याळ ठोके मोजतच नाही, ते हिरवा उजेड कातडीत सोडतं, रक्त तो उजेड शोषतं, प्रत्येक ठोक्याला रक्त कमी-जास्त होतं तसा परत येणारा उजेड कमी-जास्त होतो आणि त्यावरून हिशोब लावतं. थंडीत कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, सिग्नल कमजोर होतो, घड्याळ हलतं, आणि मग जी लय जोरात ऐकू येते ती धरून बसतं, म्हणजे पावलांची. छातीचा पट्टा हृदयाचा विजेचा सिग्नल पकडतो म्हणून तो पुष्कळ बरा. घड्याळच वापरायचं तर मनगटाच्या हाडाच्या थोडं वर, घट्ट, पहिली पाच-सात मिनिटं आकड्याकडे बघायचंच नाही.

चरबीवाला मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त पसरतो. हळू चालताना जाळल्या जाणाऱ्यात चरबीचा वाटा टक्क्यांनी जास्त असतो, पण एकूण जळतंच कमी. समजा अर्ध्या तासात 200 कॅलरी गेल्या आणि 60 टक्के चरबीच्या, झाल्या 120. जोरात धावून 350 गेल्या आणि 40 टक्के चरबीच्या, झाल्या 140. कुठे गेला हिरवा झोन? आणि त्यानंतर तर्री पोह्याच्या दोन प्लेटा झाल्या की दोन्ही हिशोब बुडाले. हळू धावण्याचे फायदे आहेत, भरपूर आहेत, रोज करता येतं, गुडघे वाचतात, दम वाढतो, फक्त चरबीची जादू त्यात नाही.

आपल्या गावात तर रंगांवर जगणं आणखीच कठीण. नवतपात सकाळी सव्वापाचलासुद्धा हवा अंगाला चिकटते. जानेवारीत ज्या पेसला, म्हणजे धावण्याच्या वेगाला, मला 138 दिसतात त्याच पेसला मेच्या शेवटी 150 दिसतात, रस्ता तोच, बूट तेच. अंग थंड करायला रक्त कातडीकडे जातं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं मग हृदय ठोके वाढवून भरपाई करतं. त्या दिवशी आकडा खोटं बोलत नसतो, तो सांगतो हळू हो, पेस विसर.

आता हिरवा म्हणजे सुरक्षित, यावर मात्र मी हसणार नाही. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा. तो सुरू असताना ठोके 85 असू शकतात, अगदी हिरवेगार. काही घड्याळांत ईसीजी असतो पण तो एका लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघणारा, त्यातून ठोक्यांची अनियमितता कधी कधी सापडते, आणि ॲपल तर स्वतःच सांगते की आमचं घड्याळ हार्ट अटॅक ओळखत नाही. दवाखान्यात 12 लीडचा काढतात ते उगाच नाही. छातीत दाब, जबडा किंवा डावा हात दुखणं, गार घाम, यातलं काही झालं तर घड्याळ बघत बसू नका, 108 लावा.

आणि बीपीच्या गोळ्यावाल्यांनो, मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल असेल तर ती ठोके दाबूनच ठेवते. आपल्याच ग्रुपमधल्या एकांचे 115 च्या वर जात नव्हते, ते मेसेज वाचून 140 गाठायला तलावाभोवती धडपडून राहिले होते, चक्कर येऊन बाकावर बसले. त्यांच्यासाठी हिरवा-लाल काहीच लागू नाही, डॉक्टरला विचारून किती दम लागू द्यायचा ते ठरवायचं.

राहिलं घड्याळाशिवाय धावणं. शिवनाथ सिंग 1978 साली जालंधरला मॅरेथॉन 2 तास 12 मिनिटांत धावले, आणि त्यांचा राष्ट्रीय विक्रम चाळीसच्या वर वर्षं टिकला. ते अनवाणी धावायचे हो, घड्याळ कुठलं.

मी स्वतः घड्याळ बघते ते उठल्यावर, पलंगावरच. रोज 56-58 असतात, एखाद्या दिवशी 66 दिसले की त्या दिवशी बूट घालत नाही, दोनदा तर दुसऱ्या दिवशी ताप आला. धावताना मात्र साधा हिशोब, शेजारच्याला पूर्ण वाक्यात भांडता येतंय का? येत असेल तर पेस बरोबर. काकाजी, रविवारी या, तुम्ही बोला, मी मानेवरचे ठोके मोजून देते, आणि घड्याळ काय म्हणतं तेही लिहून ठेवू.