ताप वार बघून येतो का?

रत्नागिरीत मृग लागला की आमच्या होस्टेलात कुणी ना कुणी तापाने फणफणतंच. यंदा माझी रूममेट. कॉलेजच्या आरोग्य केंद्रावर नेलं तर दाराला कुलूप. डॉक्टर फक्त मंगळवारी, 11 ते 1! ताप वार बघून येतो का? शेवटी रिक्षात घालून बाहेर नेलं, रक्त तपासलं, डेंगी निघाला.

खरा संताप पुढे आहे. जिन्यामागे दोन जुने टायर आणि एक फुटकी बादली पडली आहे. वाकून बघितलं तर पाण्यात अळ्या नुसत्या वळवळत होत्या. अंड्याचा डास व्हायला साधारण 8-10 दिवस लागतात. आठवड्यातून एकदा पाणी ओता, भांडं आतून घासा (अंडी कडेलाच चिकटलेली असतात), झालं! दोनदा अर्ज दिला. उत्तर एकच, "फवारणी करून घेऊ." अहो, धुराने उडते डास मरतात, बादलीतल्या अळ्या नाही!

आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून जखमेवाटे शिरणारा ताप)? कोकणात तो काय नवीन आहे? पायाला जखम असलेली मुलं रोज साचलेल्या पाण्यातून वर्गात जातात, पण साधी सूचनासुद्धा कुठे लावलेली नाही. आम्ही आई-बापांपासून लांब राहतो हो. ती बादली तरी आज उपडी करा!