कार्बन कर गरिबाला बुडवतो का? हिशोब मांडून उत्तर

कार्बन कर म्हणजे इंधन जळून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर टनामागे आकारलेला कर. त्याबद्दल समाजमाध्यमांवर एक मजकूर सतत फिरतो: ‘कार्बन कर म्हणजे गरिबाची लूट. इंधन महागतं, प्रदूषण तेवढंच राहतं, कारखाने परदेशात पळतात आणि सरकारचा गल्ला भरतो.’ यातला पहिला दावा अर्धा खरा आहे, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देतो.

‘गरिबाची लूट’

कर टनाला 50 डॉलर धरू. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे लिटरमागे साडेअकरा सेंट वाढतात. कर लावून सरकारने हात झटकले, तर ही झळ तुटपुंज्या मिळकतीच्या घराला जास्त बसणार, यात वाद नाही. पण गोळा झालेला पैसा घरोघरी सारखा वाटला तर? उदाहरणादाखल तीन घरं घ्या. त्यांचं वर्षाचं उत्सर्जन 2, 6 आणि 16 टन. त्यांनी भरले 100, 300 आणि 800 डॉलर, एकूण 1200. प्रत्येकाला परत 400. पहिलं घर 300 डॉलर फायद्यात, दुसरं 100 ने फायद्यात, तिसरं 400 ने तोट्यात. श्रीमंत घर एकूण इंधन जास्त जाळतं, म्हणून हे गणित जुळतं.

ते फसतं अंमलबजावणीत. परतावा आयकर विवरणपत्राला जोडला, की विवरणपत्र न भरणारा गरीब नेमका वगळला जातो. दर आधी वाढवून पैसे सहा महिन्यांनी दिले, तर ते वरातीमागून घोडं. इराणने 2010 मध्ये इंधनावरचं अनुदान काढताना क्रम उलटा ठेवला: आधी कुटुंबांच्या खात्यात रक्कम, मग दरवाढ. मात्र ती रक्कम महागाईशी जोडली नव्हती आणि काही वर्षांत तिची किंमत झिजली. तिसरी अडचण अंतराची. बस नसलेल्या खेड्यातल्या गरिबाला गाडीशिवाय गत्यंतर नसतं. त्यासाठी कॅनडाने ग्रामीण कुटुंबांना जादा परतावा दिला, आधी 10 आणि 2024 पासून 20 टक्के. तरीही तिथे ग्राहकांवरचा हा कर एप्रिल 2025 मध्ये रद्द झाला. पंपावरची वाढ रोज दिसत होती, परतावा तीन महिन्यांतून एकदा खात्यात पडायचा आणि तो कशाचा हे अनेकांना कळतच नव्हतं.

‘प्रदूषण तेवढंच राहतं’

पेट्रोल महागलं म्हणून कोणी दुसऱ्या दिवशी गाडी विकत नाही, हे खरं. पण परिणाम आधी दिसतो तो विजेत. कोळशाच्या एका युनिटमागे जवळपास 1 किलो कार्बन डायऑक्साइड, वायूच्या युनिटमागे सुमारे 400 ग्रॅम. टनाला 50 डॉलर म्हणजे कोळशावर 5 सेंट, वायूवर 2. स्वस्त वीज आधी घ्यायची हा ग्रिडचा नियम, त्यामुळे दोघांच्या खर्चात थोडंच अंतर असेल तर कोळशाचा संच रांगेत मागे सरकतो. ब्रिटनने 2013 मध्ये वीज केंद्रांच्या इंधनावर कर लावून कार्बनची किमान किंमत लागू केली. 2012 मध्ये तिथली सुमारे 40 टक्के वीज कोळशाची होती, 2019 मध्ये ती 2 टक्क्यांवर आली. शेवटचं कोळसा केंद्र 30 सप्टेंबर 2024 ला बंद झालं. पवनऊर्जा आणि हवेच्या गुणवत्तेचे नियम यांचाही त्यात वाटा आहे, पण हा कर वगळून ती घसरण समजत नाही.

‘कारखाने पळतात’

धोका सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम, खत अशा मोजक्या उद्योगांना आहे. युरोपीय संघाने आधी उत्सर्जनाचे परवाने (एक परवाना म्हणजे एक टन सोडायची मुभा) फुकट वाटले आणि तिथे चूक झाली: वीज कंपन्यांनी फुकट मिळालेल्या परवान्यांची किंमतही ग्राहकांकडून वसूल केली. फुकट परवाना द्यायचाच, तर जुन्या उत्सर्जनावर नव्हे, टनभर मालामागे किती उत्सर्जन चालेल या मापदंडावर द्यावा. नाहीतर जास्त धूर सोडणाऱ्यालाच बक्षीस मिळतं. आता 1 जानेवारी 2026 पासून संघ अशा आयात मालावर कार्बनचं मोल आकारतो आणि मूळ देशात भरलेला कार्बन कर त्यातून वजा करतो.

‘सरकारचा गल्ला’

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2008 मध्ये कर लावताना तेवढीच इतर करांत कपात कायद्यानेच बांधून घेतली. फ्रान्समध्ये मात्र बहुतेक पैसा सर्वसाधारण तिजोरीत गेला, 2018 च्या अखेरीस लोक पिवळी जाकिटं घालून रस्त्यावर आले आणि पुढची वाढ मागे घ्यावी लागली. तिथली तक्रार रास्त होती. म्हणून असं विधेयक हाती आलं, की दराच्या आधी परताव्याचं कलम वाचा: रक्कम किती, कोणाच्या खात्यात, आणि दरवाढीच्या आधी की नंतर.