‘म्हाताऱ्याला घालवायला लीफ्सनी जार्व्हिस दिला’: हे खरं नाही

सेथ जार्व्हिसने गोल केला की टोरांटोच्या आइस हॉकी चाहत्यांत एकच वाक्य फिरायला लागतं: ‘एका म्हाताऱ्याला घालवायला लीफ्सनी हा पोरगा देऊन टाकला.’ पाठोपाठ सल्लेही येतात. शेवटचं एकच वर्ष उरलं होतं, बायआउट करायचं, म्हणजे ठरलेल्या पैशांचा काही भाग देऊन कॉन्ट्रॅक्ट मोडायचं, नाहीतर खालच्या लीगमध्ये पाठवायचं, एवढी घाई कशाला?

घडलं ते असं. 22 जून 2019 रोजी टोरांटो मेपल लीफ्सनी 39 वर्षांच्या पॅट्रिक मार्लोला कॅरोलायना हरिकेन्सकडे धाडलं. सोबत 2020च्या ड्राफ्टमधले (लीगमधले संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो कार्यक्रम, कच्च्या संघांची पाळी साधारण आधी) पहिल्या आणि सातव्या फेरीचे पिक, म्हणजे निवडीचे हक्क, दिले, बदल्यात सहाव्या फेरीचा एक घेतला. त्या पहिल्या फेरीच्या पिकवर, 13व्या क्रमांकाला, कॅरोलायनाने जार्व्हिस निवडला. इथवर सगळं बरोबर आहे.

आता बायआउट. मार्लोने सही केली तेव्हा तो 37 वर्षांचा होता. तीन वर्षं, दर वर्षी कॅपवर, म्हणजे संघाच्या एकूण पगाराला लीगने घातलेल्या मर्यादेत, 62.5 लाख डॉलर. वयाची पस्तिशी ओलांडल्यावर केलेल्या अशा कॉन्ट्रॅक्टला वेगळा नियम लागतो: खेळाडू निवृत्त झाला किंवा त्याला बायआउट केलं, तरी कॅपवरचा आकडा हलत नाही. कॅरोलायनाने पाचच दिवसांत मार्लोला बायआउट केलं आणि ते 62.5 लाख पूर्ण हंगामभर त्यांच्याच कॅपवर राहिले. टोरांटोने पिक मोजून नेमकी यातूनच सुटका विकत घेतली होती. हे ओझं बायआउटने उतरलं असतं, तर पहिल्या फेरीचा पिक कोणी दिला असता का?

खालच्या लीगचा सल्लाही टिकत नाही. मार्लोच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नो-मूव्ह क्लॉज होता. त्याच्या होकाराशिवाय त्याला कुठेच पाठवता येत नव्हतं, ना खालच्या लीगमध्ये, ना दुसऱ्या संघात. त्याचं मन जुन्या संघाकडे, सॅन होजेकडे ओढत होतं, त्यामुळे गिऱ्हाइकंही मोजकीच. अशा वेळी भाव समोरचा ठरवतो.

आणि घाई होतीच. 2019-20ची कॅप होती 8 कोटी 15 लाख डॉलर. त्यात जॉन टव्हारेसचे 1 कोटी 10 लाख, ऑस्टन मॅथ्यूजचे 1 कोटी 16 लाख, विल्यम नीलँडरचे जवळपास 70 लाख. मिच मार्नरची सही अजून व्हायची होती. ती सप्टेंबरात सुमारे 1 कोटी 9 लाखांना झाली. म्हणजे चौघांतच निम्मी कॅप संपली. 1 जुलैपासून दुसरा कोणताही संघ मार्नरला ऑफर शीट देऊ शकत होता, म्हणजे असा करार पुढे करू शकत होता की टोरांटोने तेवढेच पैसे दिले नाहीत तर तो हातचा गेला. ही भीती काल्पनिक नव्हती: त्याच दिवशी माँट्रियालने सेबॅस्टियन आहोला ऑफर शीट दिली, आणि आहो कॅरोलायनाचाच! मार्लो गेल्यावर आठवड्याभरात टोरांटोने कॅस्परी कापानेन आणि आंद्रेयास योन्सन यांच्याशी करार केले. पुढच्या वर्षी कापानेनच्या बदल्यात पिट्सबर्गकडून 15वा पिक आला. हा हिशोब ‘देऊन टाकला’वाल्यांच्या वाक्यात कधीच नसतो.

राहिला जार्व्हिस. टोरांटोने पिक दिला होता, जार्व्हिस नव्हे. ट्रेड झाला तेव्हा लीफ्स नुकतेच 100 गुणांचा हंगाम खेळले होते. पिक पहिल्या फेरीच्या शेवटाकडे जाईल, असाच सगळ्यांचा अंदाज. मग कोविडने हंगाम थांबवला, ऑगस्टमध्ये लीफ्स पात्रता फेरीत कोलंबसकडून 3-2 हरले आणि तो पिक वर सरकला. पहिल्या दहात आला तर पिक टोरांटोकडेच राहील, अशी अट होती. हरलेल्या आठ संघांच्या लॉटरीत पहिल्या क्रमांकाची चिठ्ठी टोरांटोची निघाली असती, तर आज हीच मंडळी या ट्रेडचे गोडवे गात असती. आणि 13वा पिक हातात असता तरी टोरांटोने जार्व्हिसच घेतला असता, हे कशावरून? 15व्यावर त्यांनी रोडिओन अमिरोव्हला निवडलं. तो गुणी मुलगा 2023मध्ये मेंदूच्या ट्यूमरने गेला.

चूक झाली, पण ती 2017च्या जुलैत, मार्लोशी करार करताना. तिसरं वर्ष कबूल केल्याशिवाय मार्लो आलाच नसता, असं म्हणतात. माझ्या मते मग त्याला येऊ द्यायला नको होतं. 2019 मध्ये त्या तिसऱ्या वर्षाचं बिल भरलं गेलं, इतकंच.

आणि ‘म्हातारा’ हा शब्द मला खरंच लागतो. टोरांटोच्या दोन्ही हंगामांत हा माणूस सगळेच्या सगळे 82 सामने खेळला, पहिल्या हंगामात 27 गोल केले. मॅथ्यूज आणि मार्नर, दोघंही विशीतली पोरं, त्याच्या घरी पडलेली असायची, त्याच्या चार मुलांबरोबर खेळायची. 19 एप्रिल 2021 रोजी लास वेगासमध्ये, सॅन होजेच्या जर्सीत, तो कारकिर्दीतला 1,768वा सामना खेळायला उतरला आणि गॉर्डी हाऊचा सर्वाधिक सामन्यांचा विक्रम मागे पडला. खेळ थांबला तेव्हा समोरच्या संघाचे खेळाडूही बर्फावर येऊन त्याचं अभिनंदन करून गेले.