एकदा आडनावासकट हाक मारून बघा

आज फोंड्याला पुतण्याच्या मुलीचं बारसं होतं. पाळणा, सवाष्णी, 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या', सगळं यथासांग झालं. जेवणं उरकल्यावर पुतण्या सहज म्हणाला, "आत्या, शाळेत घालताना आडनाव गाळणार आहोत. शिरोडकर फार जड पडतं गं, त्याच्याबरोबर कुठलंच मॉडर्न नाव शोभत नाही." घरी येऊन दोन तास झाले, अजून डोक्यातून जात नाही.

शोभत नसेल तर नाव दुसरं शोध ना रे! आडनाव काय ब्लाउजपीस आहे, मॅचिंग मिळालं नाही म्हणून टाकून द्यायला? मोबाईलवर यादी उघडली, दोन अक्षरी नाव उचललं, अर्थ तिथेच वाचला आणि पत्रिका छापून मोकळे. ते नाव तोंडाने घेऊन कुणी बघितलंच नाही.

आमचे बाबा मास्तर. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर, त्यांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्यातल्या एका शाळेत. माझ्या जन्माआधी नावांचा एक कागद केला होता म्हणे. रात्री जेवणं झाली की बाबा बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, उभे राहायचे आणि शाळेत हजेरी घ्यावी तसं एकेक नाव आडनावासकट मोठ्याने घ्यायचे. आतून, भांडी आवरता आवरता, आई 'हजर' म्हणायची. ती क्षणभर अडखळली की नावावर काट. 'रश्मी' असंच गेलं. श्मी आणि शि एकमेकांच्या पायात येतात. दादाच्या वेळी 'आशिष' गेलं, कारण लांबून हाक मारली की 'आशिशिरोडकर' असं एकच काहीतरी ऐकू यायचं. शिल्पा शिरोडकर मात्र कानाला गोड लागतं, मान्य. मधल्या त्या 'ल्पा'ची कृपा.

हे कळायला पुस्तक लागत नाही, कान लागतो. पै, नाईक, कामत अशी आखूड आडनावं लांब नाव सहज पेलतात. 'पुंडलिक नाईक' म्हणून बघा, कसं पायरी पायरीने उतरतं. आमच्यासारखं 'कर'वालं लांब आडनाव असेल, तर नावाचा शेवट मोकळा हवा आणि आडनावाच्या पहिल्या अक्षराशी भांडणारा नको. आणि 'केसरबाई केरकर'! दोन्हीकडे 'के', मधे श्वास घ्यायला 'बाई'. केरी गावाला कुणी जड म्हटलं का कधी?

जड म्हणे. शिरोडा आहे तो, गाव आहे. पोर्तुगिजांनी देवळं पाडली तेव्हा सासष्टीतल्या राय गावाहून कामाक्षी देवी तिथे आली. आमच्या आजोबांच्या पोर्तुगीज कागदांवर हेच आडनाव एक्सने सुरू होतं, पण घरात कुणी ते वेगळं उच्चारलं नाही. कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की तेवढं दिसतं. मोगूबाई कुर्डीकरांच्या नावात ते बाराही महिने कोरडं आहे. आणि आपण एका फॉर्मसाठी गाव पुसायचं?

जात कळू नये म्हणून कुणी आडनाव गाळत असेल, तर त्याच्यापुढे मी गप्प बसते. परदेशात उच्चाराला सोपं हवं, हेही समजू शकते. पण पुतण्याचं यातलं काहीच कारण नाही. त्याला ते 'गावठी' वाटतं. शब्द त्याचाच आहे.

त्यात पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "मुलीचंच तर आहे, लग्नात आडनाव बदलणारच, एवढा विचार कशाला?" तेव्हा मात्र मी ताडकन उठले. तोंडात बरंच काही आलं होतं. पण कोपऱ्यातल्या खुर्चीवर आई बसली होती, तिच्याकडे लक्ष गेलं आणि सगळं गिळलं.

कारण आईचं नुसतं आडनाव बदललं नाही. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि माहेरचं नाव त्याच मांडवात राहिलं. सासरी ते पुन्हा कुणी घेतलं नाही. हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. आज हे टाईप करताना पहिल्यांदाच नीट दिसतंय, की बल्कांवातून येणाऱ्या प्रत्येक नावाला आतून 'हजर' म्हणणारी बाई स्वतः ज्या नावाने वाढली, ते नाव त्या घरात एकदाही पुकारलं गेलं नव्हतं. बाबांनी आमच्यासाठी रात्री जागवल्या. तिचं नवं नाव आडनावाबरोबर कसं वाजतं, ते तरी कुणी म्हणून बघितलं होतं का? बाबांवर मला कधी राग येत नाही. आज थोडा आला.

पुतण्याला उद्या फोन करीन. ओरडणार नाही. त्याने ठेवलेलं नाव मी गाडीत येताना चारपाचदा आडनावासकट म्हणून बघितलं, आणि खरं सांगायचं तर ते इतकं वाईट लागत नाही. त्याने स्वतः गॅलरीत उभं राहून एकदा म्हणून बघावं, एवढंच सांगणार आहे.

मघाशी आईला औषध द्यायला गेले. दिवा घालवला, आणि काय वाटलं कोण जाणे, दारात उभी राहून तिचं माहेरचं नाव माहेरच्या आडनावासकट घेतलं. बाबा हजेरी घ्यायचे तसं, मोठ्याने. ते नाव इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं, झोपली.

मग अंधारातून म्हणाली, "हजर."

आणि थोड्या वेळाने, "आनीक एक फावट म्हण गो."