"पोरांना काय कळतंय?" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही नाव दिलेलं नाही, 'एक निवृत्त उपअभियंता' एवढीच सही आहे, म्हणून साहेब म्हणते. आमच्या कॉलनीतल्या बंद पडलेल्या समाजमंदिराचं युवा केंद्र करायचं ठरलं आणि त्याचा नकाशा ठरवायला तेरा ते सतरा वयाची अकरा मुलंमुली घेतली, त्याबद्दल मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नकाशा हे शिकलेल्या माणसाचं काम, पोरं वायफाय मागणार, इमारत उभी राहीपर्यंत ती पुण्याला कॉलेजला निघून जाणार, आणि एकूण प्रकार फोटोपुरता. शेवटी तुम्ही लिहिलंत, "पोरांना काय कळतंय?"

फोटोचं आधी घेते, कारण तिथं तुम्ही बरोबर आहात. पहिली बैठक फोटोपुरतीच झाली. नारळ, शाल, तीन भाषणं. पोरं सतरंजीवर दीड तास मांडी घालून. शेवटी "कुणाला काही बोलायचंय का?" एकजण "स्विमिंग टँक" म्हणाला, सगळे हसले, चहा आला. त्या फोटोत मीही आहे, पुढच्या रांगेत. रॉजर हार्ट या अभ्यासकानं १९९२ साली युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडलीय. खालच्या तीन पायऱ्या तो सहभागात धरतच नाही: मुलांना आपल्या कामासाठी वापरणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं. आमची बैठक दुसऱ्या पायरीवर होती. नावापुरतं विचारण्यापर्यंतही आम्ही धड पोचलो नव्हतो.

चूक प्रश्नात होती. "काय हवं?" विचारलं की पोर टँकच मागणार. कॉलनीतल्या मोठ्यांना विचारा, ते लिफ्ट मागतील, तळमजल्याला राहत असले तरी. दुसऱ्या वेळी आम्ही एवढंच विचारलं, की काल संध्याकाळी सहा ते नऊ कुठं होता आणि तिथून का उठलात. मुलांनी भराभर सांगितलं: एटीएमची पायरी (वॉचमन), देवळाचा कट्टा (आजोबा लोक), क्लासचं पार्किंग (सर). मुली गप्प. मग एक म्हणाली, "क्लास सुटला की आम्ही सायकलवर दोन चकरा जादा मारतो. थांबलो की विचारत्यात, चालवत राहिलो की कोण विचारत नाही."

(कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडं मुली 'मारतो', 'जातो' असंच म्हणतात.)

साहेब, माझी या कॉलनीत बावीस वर्षं गेली. त्या सायकली मी रोज बघते. मला वाटायचं, पोरी व्यायाम करतात.

आता तुम्ही म्हणाल, कोल्हापुरात जागेला काय तोटा, पेठेपेठेला तालीम आहे. खरंय. तालीम हे आपलं जुनं युवा केंद्रच. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागचं मैदान बांधलं, आणि आजही तालमी गणपती बसवतात, फुटबॉलचे संघ उतरवतात. पण कट्ट्यावर बसायची ती ऐट मुलग्यांच्याच वाट्याला आली. नवीन कॉलन्यांत तर तीही नाही. लहानांना घसरगुंडी, स्पर्धा परीक्षावाल्यांना अभ्यासिका, ज्येष्ठांना विरंगुळा केंद्र. मधल्या तेरा ते अठराला नुसतं "इथं काय करताय रे?"

हे फक्त आपल्याकडचं नाही. व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात बागांची पाहणी झाली, तेव्हा दिसलं की नऊ-दहा वर्षांच्या पुढं मुली बागेत यायच्याच कमी होतात. जाळीच्या मैदानात मोठी पोरं चेंडू खेळत असतात, तिथं शिरायचं कसं? मग मार्गारेटेन भागातल्या दोन बागा बदलल्या. मैदानाचे भाग पाडले, आत यायच्या वाटा वाढवल्या, बसायच्या जागा केल्या, आणि मुली परत दिसू लागल्या. आपल्या ठाणे जिल्ह्यात, मुंब्र्यात, 'परचम' या संस्थेच्या मुलींनी २०१२ च्या सुमारास फुटबॉल सुरू केला आणि खेळायला जागा मिळावी म्हणून सह्या गोळा करत फिरल्या.

आता नकाशाचं. तो आर्किटेक्टनंच काढला, पोरांनी नाही. कॉलम कुठं, बीम किती, यात त्यांनी तोंड घातलं नाही. पण कागदावरचा नकाशा त्यांना वाचता येईना (खरं सांगायचं तर मलाही), म्हणून आर्किटेक्टनं समाजमंदिरामागच्या मोकळ्या जागेवर पूर्ण मापाचं लाइन-आउट केलं. फक्की, दोरी, टेप. भिंतीच्या जागी पांढरी रेघ, दाराच्या जागी रेघ तोडलेली. पोरं आत शिरली आणि राहायला आल्यासारखी वागू लागली. दोघं 'हॉल'मध्ये खोटाच कॅरम खेळायला बसले. नववीतली एक मुलगी मुलींच्या स्वच्छतागृहाच्या 'दारातून' बाहेर आली, थांबली, परत आत गेली, परत बाहेर आली. मग आर्किटेक्टला म्हणाली, "सर, हितनं बाहेर पडलं की समोर कॅरम. सगळी मान वर करून बघणार. मी नाही जाणार."

आर्किटेक्ट पंचवीस वर्षं काम करणारा माणूस. त्यानं चपलेनं रेघ पुसली आणि दार बाजूच्या बोळाला वळवलं. खर्च शून्य, कारण अजून वीटसुद्धा लागली नव्हती. नंतर फोडाफोडी करावी लागली असती तर किती, हे तुमच्याइतकं कोण सांगणार? अर्थात तेवढ्यासाठी कुणी फोडाफोडी करतच नाही. मुली यायच्या बंद होतात, आणि वर्षभरानं समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, "एवढं केलं, पण मुलींचा प्रतिसादच नाही."

पैशाचं म्हणाल, तर आम्ही वीस चिठ्ठ्या दिल्या, एक चिठ्ठी एक लाखाची, आणि प्रत्येक कामापुढं त्याची किंमत लिहिली. स्विमिंग टँक पाच मिनिटांत गेला. एसी गेला. गच्चीवर बसायची परवानगी मात्र त्यांना हवीच होती आणि ती आम्ही नाकारली: कठडा तीन फुटांचाही नाही आणि रात्री तिथं लक्ष ठेवायला माणूस नाही. कारण लिहून फलकावर लावलं. पोरं चिडली, दोघं पुढच्या आठवड्यात आलीच नाहीत. तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल सगळं गोडगोडच लिहिते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं बारावं कलम, जी संहिता भारतानं डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली, मुलांना मत मांडायचा हक्क देतं आणि वय, समज बघून त्या मताला वजन द्या म्हणतं. पोर म्हणेल तसं करा, असं त्यात कुठं नाही.

वायफाय त्यांनी सोडलं नाही, बरोबर ओळखलंत. ते विरंगुळा केंद्रातही आहे, आणि तिथं ते कुणी मागून घेतलं, ते मी इथं लिहीत नाही.

ती निघून जाणार, हेही खरं. अकरातली दोन यंदाच बारावी होऊन गेली. जाताना त्यातला एकजण स्वतःच्या जागी धाकट्या बहिणीला बसवून गेला. ती भावापेक्षा जास्त भांडते. तसं बघितलं तर रस्त्याचं एस्टिमेट करणारा अभियंताही तीन वर्षांत बदली होऊन जातोच की, साहेब.

आता एक काम तुमच्यासाठी. मागच्या बाजूला, जिथं आम्ही स्टोअर दाखवलंय, तिथं पावसात पाणी साठतं असं पोरं म्हणतात. क्रिकेटचा बॉल दर जुलैत तिथंच तरंगतो, हा त्यांचा पुरावा. आर्किटेक्ट म्हणतो उतार रस्त्याकडं आहे. पोरं म्हणतात उलटा आहे. येत्या रविवारी सकाळी आठला नळीनं लेव्हल बघायची ठरलीय. तुम्ही आलात तर दोन्ही पक्षांना तुमचा निकाल मान्य आहे, मी विचारून ठेवलंय. येताना तुमचा टेप घेऊन या. आमचा पोरांनी हरवलाय.