घरची डेट आणि पाहुणी डेट

परवा संध्याकाळी सात वाजता जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या कंपायलरने, म्हणजे कोड तपासून यंत्राला समजेल असा करणाऱ्या प्रोग्रामने, मला कळवले की तारीख-वेळ सांभाळणाऱ्या जावाच्या तयार ‘डेट’ क्लासला ‘गेटटाइम’ नावाची मेथडच (क्लासला सांगता येणारे कामच) नाही. ती 1996 पासून, म्हणजे जावाच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तासभर मी स्पेलिंग तपासले, एडिटर बंद करून उघडला आणि ती ‘डेट’ ज्या संग्रहात असते तो अख्खा आयात करणारी ‘इम्पोर्ट जावा डॉट यूटिल डॉट स्टार’ ही ओळ खोडून पुन्हा, जरा जोरात, टाइप केली.

गुन्हेगार मीच निघालो. मी काम करत होतो त्याच पॅकेजमध्ये, म्हणजे आमच्या फाइलींच्या गटात, कर्जाच्या हप्त्यांसाठी मी कधीकाळी स्वतःचा ‘डेट’ नावाचा क्लास लिहिला होता आणि विसरलो होतो. इम्पोर्टमधला स्टार म्हणजे पत्रिकेवरचे ‘सहकुटुंब सहपरिवार’; अशा मोघम निमंत्रणाने आलेल्यापेक्षा जावा घरच्या माणसाला आधी पाट देते, तेही कुणाला न सांगता. नाव घालून बोलावलेल्या पाहुण्यापुढे मात्र घरचा माणूस मागे सरतो, आणि दोघे एकाच फाइलमध्ये समोरासमोर आले तर कंपायलर पंगतच उठवतो.

असाच घोळ दादरला झाला होता. मावशी कल्याणहून येणार होती आणि आमचे ‘एक नंबर’च्या प्लॅटफॉर्मवर भेटायचे ठरले होते. मी वेस्टर्नच्या एक नंबरवर, ती सेंट्रलच्या. “अरे, पाटी माझ्या डोक्यावरच आहे!” असे ती फोनवर ओरडत होती, आणि माझ्याही डोक्यावर तीच पाटी होती.

कॉटलिन किंवा पायथन या भाषांमध्ये ‘अ‍ॅज’ लिहून आयात केलेल्याला टोपणनाव देता येते. जावात ती सोय नाही. तिथे शाळेच्या हजेरीपटासारखे आडनावापासून ‘जावा डॉट यूटिल डॉट डेट’ असे पुकारावे लागते, आणि हे एका फाइलीत बारा वेळा केल्यावर माणूस बारशाचाच फेरविचार करतो. मी मुकाट्याने माझ्या क्लासचे नाव ‘इन्स्टॉलमेंटडेट’ ठेवले. रेल्वेनेही दादरला डिसेंबर 2023 मध्ये हेच केले: वेस्टर्नचे एक ते सात प्लॅटफॉर्म तसेच राहिले आणि सेंट्रलचे क्रमांक आठपासून सुरू झाले.

नाव बदलताच, सहकाऱ्यांच्या ज्या फाइली माझ्या ‘डेट’वर बिनबोभाट चालत होत्या, त्या एकामागून एक चुकांच्या खुणांनी लाल झाल्या. त्या निस्तरत बसलो असताना मावशीचा फोन आला. रविवारी येते म्हणाली, आणि आठ नंबर वगैरे मला सांगू नकोस, मी आपल्या नेहमीच्या एक नंबरवर उभी राहीन.