पातेलं किती, वाढपी किती

पुण्यात दुचाकी घेताना पिढ्यान् पिढ्या एकच प्रश्न विचारला गेला : "ॲव्हरेज किती देते?" उत्तर एका आकड्यात मिळायचं. इलेक्ट्रिक स्कूटरला हाच प्रश्न विचारून बघा.

कर्वे रस्त्यावरच्या शोरूममधला मुलगा म्हणाला, "सर, बॅटरी तीन किलोवॅटची." पत्रकावर होतं ६० व्होल्ट, ५० अँपिअर-अवर. मोटारीपुढेही ३ किलोवॅटच.

"दोन्ही सारखंच?"

"हो सर, मॅचिंग आहे!"

मॅचिंग म्हटल्यावर हिने पहिल्यांदाच स्कूटरकडे नीट पाहिलं.

तेवढ्यात चिरंजीवांनी हिशेब मांडला. ५० अँपिअर-अवर म्हणजे ५० हजार मिलीअँपिअर-अवर. मोबाइलची बॅटरी ५ हजारांची. "बाबा, दहा मोबाइलवर कात्रजचा घाट चढणार?" शोरूममधला मुलगा "मॅनेजरना विचारतो" म्हणून आत गेला, तो गेलाच.

हा गुंता सोडवला आमच्या मजल्यावरच्या, वीज मंडळातून निवृत्त झालेल्या नानांनी. "अँपिअर-अवर व्होल्टने गुणल्याशिवाय तोंडातून काढायचे नाहीत!" जिन्यातच त्यांनी लाइट बिल पालथं घालून गुणाकार केला. ६० गुणिले ५० म्हणजे ३००० वॅट-अवर, म्हणजे ३ किलोवॅट-अवर. मोबाइलला व्होल्ट जेमतेम पावणेचार-चार, म्हणून त्याचे १९-२० वॅट-अवर. दहा कसले, दीडशे मोबाइल लागतील. मग बिल सुलटं करून त्यांनी बोट ठेवलं : मंजूर भार किलोवॅटमध्ये, वापर युनिटमध्ये. एक युनिट म्हणजेच एक किलोवॅट-अवर. बॅटरीत तीन युनिटं मावतात, संपलं! (हे पत्रकावर छापायला कुणाच्या बापाचं काय जातं?)

"पातेल्यात श्रीखंड किती ते किलोवॅट-अवर, वाढपी किती झपाट्याने वाढतो ते किलोवॅट," नाना म्हणाले. म्हणजे मोटार सलग पूर्ण जोरात पळवली, तर तासाभरात पातेलं खरवडायची वेळ. ७५० वॅटच्या चार्जरने भरायला मात्र चार तासांच्या वर, कारण थोडी वीज उष्णतेत जाते आणि तिचंही बिल येतं.

रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट हवा, हा माझा अर्ज. सेक्रेटरींनी विचारलं, "तुमचा चार्जर किती युनिटचा?" नाना ताडकन उठले. श्रीखंडापर्यंत पोचले, तेव्हा चहा आला. इतिवृत्तात नोंद झाली : 'चार्जर, तीन किलोवॅट प्रतिमहिना.' ठराव बहुमताने मंजूर. नाना तटस्थ.